तुमच्या वाटणीची भाकरी

व्यंकटेश, तुम्ही उपाशी होतात आणि मी तुमचा डबा खात होते.

हे वाक्य शोकसभेत म्हणायचं ठरवून गेले होते. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुमचा लग्नातला फोटो मोठा करून लावला होता, मुंडावळ्या दिसू नयेत म्हणून कपाळाच्या खालपर्यंत कापलेला. दुसरा फोटोच सापडला नाही म्हणे. माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, "व्यंकटेश आमच्या अतिदक्षता विभागाचे आहारतज्ज्ञ होते," एवढं म्हणाले आणि खाली बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाषण होतं का शिक्का मारला ओ, मॅडम?" मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या घरी सगळे शिक्षक. दिवसभर वर्गात बोलून दमलेली माणसं घरी आल्यावर गप्प बसायची, आणि मी त्या गप्पपणातच वाढले. म्हणून लिहिते आहे.

आपली ओळख भांडणातच झाली. मी नवीन होते. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या, विडी कामगारांच्या घरकुलातली एक बाई दाखल झाली होती. हृदयाची झडप निकामी, पाय सुजलेले, पोट तटतटलेलं, चेहरा गोल. तपासणीत मी लिहिलं होतं, पोषण चांगलं. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून ते मोठ्यानं वाचलंत.

"कुणी लिहिलं ओ हे?"

"मी."

"पाण्याला मार्क दिलेत की तुम्ही, मॅडम."

मला राग आला. आहारतज्ज्ञानं स्वयंपाकघर बघावं, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "आचारीच आहे मी. पण इकडं या, आणि इथं बोट ठेवा." बाईच्या कानशिलावर तुम्ही माझं बोट ठेवलंत. भुवईच्या बाजूला, जिथं घास चावताना स्नायू हलतो, तिथं खड्डा होता. चेहरा गोल, आणि कानशिलात खड्डा. मग तिचा उजवा हात उचललात, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला भाग दाखवलात. "हजार विड्या वळणारा हात आहे हा. इथं लिंबाएवढं मांस पाहिजे." तिथं नुसती कातडी होती, वाळत घातलेल्या फडक्यासारखी.

मग तुम्ही तिच्या मुलीकडे वळलात. आधी तेलुगूत काहीतरी बोललात, ती हसली, आणि माझ्यासाठी मराठीत आलात.

"आईच्या बांगड्या कुठंपर्यंत जातात गं?"

"कोपरापर्यंत."

"आणि ब्लाउज?"

"दोनदा आत घेतला की."

"परकराची नाडी?"

"ती पुरंना झाली. नवी घातली."

"ऐकलंत?" तुम्ही मला म्हणालात. "वरून आत, खालून बाहेर. मधे बाई कुठाय, ते शोधा."

औषधानं तिच्या अंगातलं पाणी उतरायला लागलं तेव्हा मी रोज बघत होते. पलंगावर होती त्याच जागी एक वेगळीच बाई हळूहळू उघडी पडत गेली, लहान मुलीएवढ्या दंडांची. सुजेनं तिला झाकून ठेवलं होतं. मी थक्क झाले. डॉक्टर होऊन इतकी वर्षं झाली होती, आणि माणूस पाण्याच्या आत उपाशी राहू शकतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण बोटाला माहीत नव्हतं.

आणि तुम्ही, माझी जिरवली म्हणून खूश व्हायचं सोडून, कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभे राहिलात. मग जे बोललात ते मला अजून आठवतं. धडधाकट माणूस उपाशी राहिला तर शरीर चरबी जाळून दिवस काढतं. आजारी शरीराला तेवढीही सवड नसते, ते थेट मांसाला हात घालतं. दंड, मांड्या, गाल, बोटांच्या मधलं मांस. घरातलं सरपण संपलं की दारं जाळायची, खिडक्या जाळायच्या, पण तुळईला हात लावायचा नाही. हृदय आणि श्वासाचा पडदा, या दोन तुळया शेवटपर्यंत राखायच्या. आणि काहीच उरलं नाही की मग त्यांच्यातलीही एकेक ढलपी. "कोण ठरवतं ओ हे?" तुम्ही विचारलंत. "बाईला शुद्ध नाही. आपण सांगितलेलं नाही. आत बसून कोण एवढा संसार सांभाळतंय?" शास्त्राचं उत्तर मला येत होतं, पण ते तुम्हालाही येत होतं. तुम्ही विचारत होतात ते दुसरंच काहीतरी.

तुम्ही गर्विष्ठ होतात. हे शोकसभेत कुणी म्हणालं नाही, म्हणून इथं नोंदवते. आपल्याला चार भाषा येतात हे तुम्ही पाचव्या माणसाला सांगितल्याशिवाय राहत नव्हता. वादात जिंकलात की चहा पाजायचात, हरलात की तोंड फिरवून सफरचंदाचे भाव विचारायचात. जेऊरहून आलेले ते दम्याचे जुने रुग्ण आठवतात? त्यांचा मुलगा रोज तुमचे पाय धरायचा, "दादांना लवकर दांडगं करा, सायेब." आणि तुम्ही पेटलात. नळीतून जाणारं अन्न वाढवत नेलंत. मी म्हणाले, अन्न जळलं की त्याचा वायू होतो, तो फुप्फुसांनीच बाहेर टाकायचा असतो, यांची फुप्फुसं आधीच दमलेली आहेत, श्वासाचं यंत्र निघणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. रक्तातला वायू चढला, यंत्र निघेना. मग कुणाला न सांगता तुम्ही मात्रा कमी केलीत, आणि म्हातारबाबा यंत्रावरून सुटले. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं हे मी मला एकट्यालाच सांगितलंय, मॅडम. तुम्ही कुणापाशी बोलू नका."

आता बोलले. माफ करा.

पण तुमचा खरा दवाखाना अतिदक्षता विभागात नव्हता, नातेवाइकांच्या हॉलमध्ये होता. चटया, पिशव्या, थर्मास आणि चार्जिंगच्या वायरी यांच्यामधे तुम्ही मांडी घालून बसायचात. आम्ही डॉक्टर दारात उभे राहून बोलायचो. 'रुग्ण जेवतो का' असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. तसं विचारलं की घरचे अब्रूसाठी "बरं जेवतात की" म्हणतात, हे तुम्ही मला शिकवलंत. तुम्ही विचारायचात, "यांच्या वाटणीची भाकरी हल्ली कोण खातं?" कारण केलेली भाकरी कुठल्याच घरात टाकून देत नाहीत. कुणीतरी खातंच. मग बोलणं सुरू व्हायचं. धाकटा खातो. म्हशीला घालतो. मीच खाते, म्हणून तर मी अशी सुटले बघा. आणि त्या हसण्यातून तुम्हाला कळायचं की माणूस किती महिन्यांपासून अर्धपोटी आहे.

टेंभुर्णीच्या एका शेतकऱ्याला तुम्ही समजावत होतात की त्याच्या बापाला एकदम पोटभर देता येणार नाही, खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बंद पडू शकतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी छावणीतल्या जनावरावानी. दुष्काळात हडकलेल्या बैलाला एकदम हिरवा चारा घातला की फुगून मरतं. पयलं वाळलं दावायचं, मूठ मूठ." तुम्ही उठून त्याला मिठी मारलीत. त्यानंतर नव्या डॉक्टरांना तुम्ही हेच सांगायचात, आणि ते स्वतःचंच वाक्य असल्यासारखं सांगायचात.

माझी आई गेली त्या वर्षी तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवायला लागलात. विचारलं नाहीत, सांत्वन केलं नाहीत. कॅन्टीनमध्ये मी चहा-बिस्किटावर भागवत होते. तुम्ही समोर बसलात, डब्याचं वरचं झाकण ताट म्हणून माझ्यापुढे ठेवलंत, त्यात तुमच्या पत्नीच्या, पद्माताईंच्या हातची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तुम्ही ज्याला 'पप्पू' म्हणायचात ती आंबटसर घट्ट डाळ. "मॅडम, तुमच्या शरीरात प्रोटीन कमी झालंय. मला तर भिंतीपलीकडूनही दिसतं." मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. मग ती रीतच झाली. मला घरी बोलायला कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी बोलायला उत्सुकही नव्हते, पण दुपारच्या त्या अर्ध्या तासाची वाट बघायला लागले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल.

मग तुमचा आजार आला. फुप्फुसं आतून कडक होत जाण्याचा. तुमचं लहानपण मागाच्या घरात गेलेलं, झोपायची जागा मागाखाली, सुताचा भुगा केसांत. त्यामुळेच झालं असं कुणी खात्रीनं म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणाला नाहीत. पुढे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला, पावलांना सूज यायला लागली. तुम्ही कामावर येतच राहिलात. जिना सोडून लिफ्ट. मग लिफ्टपाशी खुर्ची.

आणि मी, जी तुमच्याकडून सगळं शिकले, ती मी तुम्हाला रोज काय विचारत होते? धाप कशी आहे. बोटाला ऑक्सिजन किती दाखवतं. सूज किती. वजन किती. वजन दर वेळी तेच भरायचं. "वजन स्थिर आहे, छान आहे," असं मी म्हणाले आहे, तुमच्या तोंडावर, माझ्या स्वतःच्या तोंडानं. तुम्ही म्हणालात, "स्थिरच आहे की."

मांस उतरत होतं आणि त्या जागी पाणी भरत होतं. काटा हलणार कसा?

डब्यात तुमचा घास कमी होत गेला. आज सकाळीच जास्त झालं. भातानं झोप येते. आज चटणी तिखट आहे, तुम्ही घ्या. मी घेत गेले. तुम्हीच एकदा त्या हॉलमध्ये सांगितलं होतंत की घास आणि श्वास एकाच दारानं जातात, आणि धाप लागलेला माणूस घास सोडतो. मी तेव्हा मान डोलावली होती. सोलापूरच्या एप्रिलात तुम्ही लांब बाह्यांचा शर्ट, आत बनियनवर बनियन घालून यायला लागलात, आणि मी, मी विनोद केला, "कुणाचं लग्न आहे का?" तुम्ही म्हणालात, "तुमचंच बघतोय की." आपण दोघं हसलो. एकदा तर तुम्ही म्हणालात, "तुमचं वजन वाढलं, माझं तेवढंच. हॉस्पिटलचं सरासरी पोषण सुधारलं म्हणायचं." त्यालाही मी हसले. पोटभर जेवून हसले.

अनोळखी माणसाच्या कानशिलावर बोट ठेवायला आपल्याला काहीच वाटत नाही. रोज समोर बसणाऱ्याच्या कानशिलाकडे आपण बघतसुद्धा नाही. आपल्या धंद्यातली ही चूक आहे, आणि ती आपणच करू शकतो.

न्यूमोनिया झाला आणि तुम्हाला आणलं. यंत्र लावावं लागलं. सगळं लावून झाल्यावर मी बाहेर हॉलमध्ये गेले आणि पद्माताईंच्या शेजारी चटईवर बसले. इतक्या वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच खाली बसले असेन. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून तुमचाच प्रश्न विचारला.

"पद्माताई, त्यांच्या वाटणीची भाकरी हल्ली कोण खात होतं?"

"दिवाळीपासून घरी खातच न्हवते की ओ ते. सकाळी चहा, संध्याकाळी चहा. म्हणायचे, दुपारी पोटभर जेवतो, रात्री जड होतं. आणि डबा रोज रिकामा यायचा, म्हणून मी पण गप. डबा तर..."

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, हिशेब जुळत जावा तसं काहीतरी होतं.

"मग तुमीच की, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. शेजारच्या चटईवर कुणीतरी केळं सोलत होतं.

आत येऊन मी तुमचा शर्ट बाजूला केला. तुमच्या कानशिलावर बोट ठेवलं. खांद्याच्या टोकावर, गळ्याच्या हाडाखाली, मांडीच्या पुढच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी तुम्ही दाखवलेल्या जागी बोट जात होतं, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही नव्हता. तरी छाती उचलत होती. यंत्र मदत करत होतं, पण मधूनच तुमचा स्वतःचा श्वास यंत्राच्या आधी यायचा, हट्टी, आखूड. एवढं जाळून झाल्यावर ती तुळई तुम्ही कशावर उभी ठेवली होतीत? मला भीती वाटायला हवी होती. त्या क्षणी मला हात जोडावेसे वाटले, तुमच्यापुढे की त्या आतल्या कुणापुढे, ठाऊक नाही.

मग मी मूर्खपणा केला. पहिल्याच दिवशी नळीतून पूर्ण आहार सुरू करा असं लिहिलं. डबाभर अन्न परत करायचं होतं मला, एका दमात. तुमच्या हाताखालची आहारतज्ज्ञ अस्मिता, जिला तुम्ही तयार केलंत, ते वाचून माझ्याकडे आली. पोर माझ्याशी कधी वर मान करून बोलत नव्हती.

"मॅडम, सर शुद्धीवर असते तर त्यांनी हे फाडलं असतं."

"मला माहीत आहे ते किती दिवस उपाशी आहेत."

"म्हणूनच, मॅडम." आणि मग अगदी हळू, "मूठ मूठ."

मी खोडलं. आम्ही मूठ मूठच दिलं, क्षार तपासत, थांबत. आणि तुम्ही, व्यंकटेश, यंत्रावरून सुटलात. कुणालाच वाटलं नव्हतं. तोंडावर मास्क, दोन शब्दांमधे श्वास, पण बोलत होतात. पहिलं वाक्य अस्मिताला, नळीतल्या अन्नाबद्दल, "फ्लो किती ठेवलाय?" आणि तिनं सांगितल्यावर, "ठीक. पास."

दुसऱ्या दिवशी राऊंडला तुम्ही नव्या डॉक्टरांना थांबवलंत. मला खूण केलीत. "तपासा. मोठ्यानं. पोरांना ऐकू दे." मी नको म्हणाले. तुम्ही डोळे मिटून थांबून राहिलात, तो तुमचा जुना डाव.

मी सुरू केलं. कानशिलातला स्नायू, खोल गेलेला. तुम्ही बोट हलवलंत, म्हणजे बरोबर. खांदा, हाड वर आलेलं. अंगठ्याच्या मुळाशी, सपाट. पावलावर सूज, दाबल्यावर खड्डा राहतो, त्यामुळे वजनावर विश्वास नाही. "हात दाबा," मी म्हणाले. तुम्ही माझा हात दाबलात. इतका हलका की दाबताय की नुसता धरलाय ते कळेना. पोरं लिहून घेत होती. मला सगळं दिसत होतं आणि मी सगळं स्पष्ट बोलत होते, आयुष्यात पहिल्यांदाच.

"आणि जेवणाचा इतिहास?" तुम्ही विचारलंत.

तुम्ही डोळे उघडले.

"दिवाळीपासून घरी जेवण जवळजवळ बंद," मी म्हणाले. "दुपारचा डबा मी खात होते."

अस्मितानं वर बघितलं. तुमचा चेहरा हलला नाही. "किती?"

"आधी अर्धा. मग सगळाच."

"लिहा," तुम्ही अस्मिताला म्हणालात. "हे असं... विचारायचं असतं. आणि... असं सांगायचं असतं."

तीव्र कुपोषण, असा निष्कर्ष मी सांगितला. तुम्ही बोट हलवलंत. बरोबर. आपल्याच शरीरावर तुम्ही आम्हाला शिकवलंत, आणि शिकवताना मजेत होतात. मी इतकी वर्षं मृत्यूच्या जवळ काम करते. असं मी कुठंही बघितलेलं नाही.

पोरं गेल्यावर मी स्टूल ओढून बसले. "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर... घरी बसवलं असतंत."

"बसवलंच असतं."

"मग."

पण मला आणखी एक विचारायचं होतं, आणि ते विचारायला मी घाबरत होते. नातेवाईक आम्हाला शेवटी हेच विचारतात. आधी आणलं असतं तर? आधी लक्षात आलं असतं तर? यावरून आपला वाद कधीच मिटला नाही. मी सगळ्यांना सांगायची, काही फरक पडला नसता. जाणारा गेलेला असतो, उरलेल्यानं तरी सुखानं झोपावं. तुम्ही चिडायचात. म्हणायचात, माणूस एवढा धीर करून विचारतो आणि तुम्ही त्याला लहान मूल समजून गोळी चोखायला देता. मी म्हणायची, तुम्हाला दया नाही. तुम्ही म्हणायचात, तुम्हाला घाई आहे.

"दिवाळीतच माझ्या लक्षात आलं असतं तर?" मी विचारलं.

तुम्ही श्वास गोळा करत होतात. मला वाटलं, आता विनोद येईल. मनातल्या मनात मी माझीच ती गोळी मागत होते तुमच्याकडे.

"फरक पडला असता," तुम्ही म्हणालात. "आजार... हाच राहिला असता. पण फरक पडला असता. एखादा... हिवाळा."

मग मास्कच्या आत हसलात. "तुम्ही विचारलंत... म्हणून."

जवळ इतका थोडा श्वास असताना तुम्ही तो माझ्याशी खरं बोलण्यात घातलात. मला माफ केलं नाहीत, आणि मला टाकलंही नाहीत. जखम होती, पण स्वच्छ होती.

पुन्हा संसर्ग झाला तेव्हा यंत्र नको म्हणालात, आणि आम्ही लावलं नाही. दुपारी गेलात. पद्माताई आणि मी दोन बाजूंना होतो.

काल मी तुमच्या घरी गेले होते. दिवसकार्य आटोपलं होतं, पाहुणे गेले होते. पद्माताईंनी चहा केला. कप माझ्या हातात दिला आणि उभ्याच राहिल्या. मग त्यांनी विचारलं. मला वाटलंच होतं की विचारतील.

"मॅडम, मी आधी लक्ष दिलं असतं तर?"

काही फरक पडला नसता, हे वाक्य जिभेवर तयार होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, गुळगुळीत. मी चहाचा कप खाली ठेवला.

"फरक पडला असता, पद्माताई. थोडा. पण ते बघायचं काम माझं होतं. तुम्ही रिकामा डबा बघत होतात. तो रिकामा मी करत होते."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मला वाटलं, आता मला जा म्हणतील, आणि ते बरोबरच होईल. बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"मी वेगळंच धरून बसले होते की ओ," त्या म्हणाल्या. "घरी ताटावर बसले की एक घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. चवीचं तोंडानं काही बोलायचे न्हाईत. मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली. म्हणून मी रोज वेगळं करून बघायचे. कधी चिंच जास्त, कधी लसूण. विचारायची लाज वाटायची. आता कुणाला विचारू?"

व्यंकटेश, आपल्या वादात तुम्ही जिंकलात हे मी कबूल करते, पण त्या क्षणी मला जिंकण्या-हरण्याचं काही सुचत नव्हतं. आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट पक्की माहीत होती, माझ्याइतकी जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती, आणि ती सांगायला मला शब्द शोधावे लागले नाहीत.

"चव गेली नव्हती," मी म्हणाले. "एक दिवससुद्धा गेली नव्हती, पद्माताई."